जाफरभाईंचा भोंगा

मारेगावच्या मशीनचं उत्तर स्क्रीनवर आलं : भोंगा, याहून नवीन आवृत्ती इथे आधीच आहे, काही करायची गरज नाही.

मी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. भोंग्याची सगळ्यात नवीन आवृत्ती मी त्याच दिवशी सकाळी माझ्या हातांनी तयार केली होती. लोहाऱ्याच्या ऑफिसातून ती नीट बाहेरही पडली नव्हती. मग माझ्याआधी मारेगावात जाऊन बसली ती कोणाची?

"सर," मी म्हटलं, "मारेगाव म्हणतंय, आमच्याकडे तुमच्यापेक्षा नवीन भोंगा आहे."

पांढरीपांडे सर आमचे मालक. कंपनी एवढीशी, त्यामुळे मालकाचं टेबल माझ्या टेबलाला चिकटूनच. मान वर न करता ते म्हणाले, "नवीनच आहे ना? जुना तर नाही ना? मग झालं."

"पण भोंगा बनवणारी मी एकटी आहे."

"निखिलनं बनवून ठेवला असेल. सोडा ना मॅडम."

मी बाळंतपणाच्या रजेवर असताना माझ्या जागेवर निखिल होता. पुण्याला नोकरी लागली आणि तो गेला. निघून गेलेल्या माणसाच्या नावावर ऑफिसात काहीही खपतं.

भोंगा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. जिनिंगच्या यार्डात कापसाच्या गंज्या लावतात, घराएवढ्या उंच. कापसात ओल राहिली तर गंजी आतून तापत जाते. वरून पांढरीशुभ्र दिसते आणि पोटात निखारा धरून बसते. एरवी कापूस आला की भराभर जिनमधून, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रातून, निघून जातो, त्यामुळे भय कमी. पण ती कापसाची वाईट वर्षं होती. गाठींना उठाव नाही, जिन आज चालू तर उद्या बंद, आणि गंज्या आपल्या उभ्याच. त्यात अवेळी पाऊस. म्हणून आम्ही एक सोय काढली होती. गंजीत लोखंडी नळ्या खुपसायच्या, नळीच्या टोकाला उष्णता मोजणारा सेन्सर, आणि त्याची वायर यार्डाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला. उष्णता हद्दीबाहेर गेली की भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की गंजीवर कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, वेचत बसलेल्या बायांनी हातातलं टाकून खाली उतरायचं आणि गेटकडे पळायचं. हा भोंगा वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव आम्ही भोंगाच ठेवलं होतं.

आदल्या आठवड्यात केळापूरच्या यार्डात तो वाजला नाही. लाइट जाऊन परत आली की प्रोग्रॅम कधी कधी सेन्सरकडे बघायचंच सोडून द्यायचा, असं नंतर लक्षात आलं. भरदुपारी एका हमालाला धूर दिसला म्हणून निभावलं. तरी एका बाईचे पाय भाजले. मी तिला दवाखान्यात बघून आले होते, आणि तेव्हापासून घरी बाळाच्या अंगाला तेल लावतानाही मला ते पाय दिसायचे. चूक शोधली, दुरुस्त केली, नवीन आवृत्ती केली आणि सगळ्या यार्डांच्या मशीनना अपडेटची नोटीस पाठवली.

नोटीस पाठवली म्हणजे काय होतं? कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर डब्यांत भरून ठेवलेलं असतं असं समजा. डब्याला पॅकेज म्हणतात. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी : नाव, आणि आवृत्तीचा आकडा. डब्यांची व्यवस्था बघणारा एक प्रोग्रॅम असतो, पॅकेज मॅनेजर. तो आपला स्टोअरकीपर. नोटीस आली की तो तिच्यातलं नाव घेतो आणि त्याच नावाची चिठ्ठी फळीवर शोधतो. सापडली आणि तिच्यावरचा आकडा लहान निघाला, तर जुना डबा काढून नवा ठेवतो. आकडा मोठा निघाला, तर आमच्याकडे याहून नवीन आहे म्हणून मोकळा होतो. डब्याचं झाकण तो उघडत नाही. ते त्याचं कामच नाही.

बाकीच्या सगळ्या यार्डांनी नवा डबा ठेवून घेतला होता. एकट्या मारेगावचा स्टोअरकीपर मोकळा झाला होता.

यंत्राचं सोडा, माणसाला विचारू, असं मी ठरवलं. तशी सोयही होती. रोज दुपारी प्रत्येक यार्डाने सेन्सर गरम करून भोंगा वाजवून बघायचा, आणि संध्याकाळी पाचला आमचा फोन आला की सांगायचं. मारेगावला हे काम जाफरभाईंकडे होतं. ते तिथले जुने इलेक्ट्रिक फिटर. भोंगा बसवताना वायरी त्यांनीच ओढल्या होत्या. मला बेटा म्हणायचे. मी पोटुशी असताना ते एकदा लोहाऱ्याला आले, तेव्हा मशीनच्या पंख्याची गरम हवा माझ्या अंगावर येते म्हणून त्यांनी माझं टेबल उचलून खिडकीशी लावलं होतं. फोनवरही भोंग्याचं दोन वाक्यांत आटपायचं, आणि मग मारेगावच्या हवापाण्यापासून भाभींच्या गुडघ्यांपर्यंत सगळी खबर यायची.

मी रजेवरून परत आल्यापासून मात्र ते तुटक बोलायला लागले होते. मला वाटलं लाइन खराब असेल. किंवा रागावले असतील, बाळ बघायला बोलावलं नाही म्हणून.

पाचला फोन लावला. "मारेगाव? जाफरभाई?"

"हाओ साहेब. वाजला."

"जाफरभाई, निखिलनं मशीनमध्ये नवीन काही टाकून दिलं होतं का?"

खरखर. मग, "हाओ साहेब. वाजला."

"मी मोहरील बोलते आहे. ओळखलं ना?"

थोडा खोकला. "हाओ साहेब."

बेटा नाही, मॅडमही नाही. मी म्हटलं, "भाभी बऱ्या आहेत ना?"

यावर कितीतरी वेळ काहीच आलं नाही. लाइन चालू होती. मागे कुठेतरी लोखंडी पत्रा वाऱ्याने हलत असावा तसा आवाज येत होता, आणि कोणीतरी श्वास घेत होतं. मी हॅलो हॅलो करत राहिले. मग अगदी जवळून, ओठ रिसीव्हरला टेकवून बोलल्यासारखं आलं, "वाजला." आणि फोन ठेवला गेला.

मी भुताखेतांना मानणाऱ्यातली नाही. आमच्या घरात अमावस्येलाही केस धुतात. पण त्या संध्याकाळी मी घरी जाताना पांढरीपांडे सरांना सांगितलं, की उद्या मी मारेगावला जाते आहे.

"एवढ्यासाठी? शनिवारी जीप जाणारच आहे."

"शनिवारपर्यंत बाया गंजीवर बसणारच आहेत ना सर."

मी भोंग्याची सीडी पर्समध्ये टाकली.

करंजीवरून मारेगावची एस.टी. पकडली आणि दुपारी यार्डात पोचले. जिन बंद होतं. बंद जिनची शांतता फार वाईट असते, कान दुखल्यासारखे होतात. समोर गंजी होती आणि तिच्या माथ्यावर रंगीत लुगड्यांचे ठिपके. बाया कवडी वेचत होत्या. यार्डाचा सुपरवायझर गोहोकार मला बघून धावत आला.

"या ना मॅडम. अचानक? ए माणिक, मॅडमसाठी चहा सांग गेटवर."

सब्बल, म्हणजे लांब लोखंडी पहार, घेऊन चाललेला एक माणूस वळला आणि हाओ म्हणाला. त्याच्या शर्टावर खिशाशी सुरेश असं दोऱ्याने विणलेलं होतं. मी तिकडे बघते आहे हे गोहोकारने पाहिलं.

"नाव सुरेश हाय त्याचं. पन जिनवर बसते ना, म्हनून माणिक. पहिला जिनवाला माणिक होता. मंग जो बी त्या जागेवर येईन, तो माणिकच. आमच्या इथं जागेले नाव असते."

"बरं. जाफरभाईंना बोलवा."

गोहोकार माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "जाफरभाई तं पोळ्याच्या दिवशी गेले ना मॅडम. अटॅक आला. तुमाले मालूम नाई?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "काल पाच वाजता बोलले मी त्यांच्याशी."

"हाओ," गोहोकार म्हणाला. "रोजच बोलते ते."

हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की मी उन्हात उभी असूनही माझ्या अंगावर काटा आला. त्या वर्षांत आपल्या जिल्ह्यात माणसं गेल्याच्या बातम्या पेपरात इतक्या यायच्या की आम्ही नावं न वाचताच पान उलटायचो. पण जाफरभाई गेले आणि मला त्यांच्या आवाजात रोज 'वाजला' ऐकू येत राहिलं, हे मनाला पटेना. मला रडू यायला हवं होतं. आली ती भीती.

गोहोकारने मग सगळं सांगितलं. जाफरभाई गेल्यावर पहिल्या दिवशी फोन त्याने उचलला आणि स्वतःचं नाव सांगितलं. मी रजेवर, फोनवर आमचे सर. ते म्हणाले, तुम्ही नाही, जाफरभाईंना द्या. गोहोकार म्हणाला, जाफरभाई नाहीत. सर म्हणाले, नाहीत तर आल्यावर फोन करायला सांगा. दोन-तीन दिवस असंच चाललं. खरखरीत लाइनवर मेल्याची बातमी किती वेळा ओरडून सांगणार? एके दिवशी कोणीतरी नुसतं हाओ म्हटलं, आणि सरांनी खूश होऊन फोन ठेवला.

"हाओ म्हटलं का तुमचे साहेब फोन लवकर ठेवते," गोहोकार म्हणाला. "मंग जो जवळ असन तो उचलते."

"आणि भोंग्याच्या जागेवर आता कोण आहे?"

"जाफरभाई."

"अहो, ते गेले म्हणता ना?"

"जागा त्याइचीच हाय ना. दुसरा कोनी भरलाच नाई अजून."

"मग रोज भोंगा वाजवून बघतं कोण?"

यावर गोहोकारने माणिककडे बघितलं. माणिकने गंजीकडे बघितलं. शेवटी गोहोकार म्हणाला, "वाजला म्हनतो ना आमी फोनवर."

"काल कोण म्हणालं?"

"काल? काल तं बजार होता मारेगावचा. चारलेच यार्ड खाली झालतं. मी बजारात गेलतो. तू होता का रे?"

"मी कायले राहीन?" माणिक म्हणाला. "मी तुमच्याच संग होतो ना."

"असन कोनी," गोहोकार म्हणाला आणि ऑफिसच्या दाराची कडी काढली.

खोली छोटी होती. टेबलावर आमचा कॉम्प्युटर, बाजूला भोंग्याचं पॅनल, भिंतीला फोन. फोनखाली एक स्टूल. स्टुलावर कोणी बसत नसावं, कारण त्याच्यावरची धूळ जशीच्या तशी होती. वर खिळ्याला जाफरभाईंची लोकरीची टोपी लटकत होती. मी स्टूल सोडून टेबलाच्या कडेला बसले. यंत्रापासून सुरुवात केली, कारण यंत्र निदान एका प्रश्नाला एकच उत्तर देतं.

स्टोअरकीपरला पहिला प्रश्न विचारला : तुझ्याकडे भोंगा आहे का?

आहे. आणि आवृत्तीचा आकडा इतका मोठा, की मी पुढची वीस वर्षं नवनवीन आवृत्त्या काढत बसले असते तरी तिथवर पोचले नसते.

दुसरा प्रश्न : त्या डब्यात कोणकोणत्या फायली आहेत, त्यांची यादी दे.

स्क्रीनवर काही आलं नाही. कर्सर एक ओळ खाली सरकला आणि लुकलुकत राहिला. मला वाटलं मशीन अडकलं. पुन्हा विचारलं. पुन्हा एक ओळ खाली. मग कळलं की उत्तर आलेलं आहे. डब्यात काहीच नव्हतं. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि आकडा, आणि आत हवा.

असे रिकामे डबे आमच्या धंद्यात करतात. त्याला डमी म्हणतात आणि तो काही गुन्हा नाही. काही डबे हट्टी असतात, अमुक एक डबा शेजारी असल्याशिवाय मी बसणार नाही म्हणतात. रोजचा अहवाल लोहाऱ्याला पाठवणारा आमचा प्रोग्रॅम असाच होता, त्याला भोंगा शेजारी लागायचा. मागून निखिलला फोन करून विचारलं तेव्हा त्याने खरं ते सांगितलं. मारेगावची हार्ड डिस्क गेली, त्याने नवीन बसवली, भोंग्याची सीडी सोबत नव्हती. अहवाल बसेना म्हणून त्याने भोंग्याच्या नावाचा रिकामा डबा करून ठेवला. चुकून कोणी त्याच्यावर दुसरं काही चढवू नये म्हणून आकडा मोठा दिला. दोन दिवसांनी सीडी घेऊन येतो म्हणाला, आणि पुण्याचं पत्र आलं.

तेव्हापासून लोहाऱ्याहून जी नोटीस आली, तिला त्या रिकाम्या डब्याने ओ दिली होती. भोंगा? आहे. नवीन आहे? नवीनच आहे. आणि पाच वाजता आम्ही माणसाला विचारलं, तर तिथेही तेच झालं होतं. आम्ही दोन्हीकडे नावच विचारत होतो, आणि दोन्हीकडून नावच मिळत होतं.

माझ्यासाठी चहा आला होता. पॅनलला चाचणीचा एक सेन्सर टांगलेला असायचा, तो मी चहाच्या ग्लासात बुडवला. गोहोकार, माणिक आणि मी भोंग्याकडे बघत उभे राहिलो. चहावर साय धरली. भोंगा वाजला नाही.

"मंग हा कवापासून...?" गोहोकार म्हणाला.

मी बाहेर पळाले. गंजीच्या पायथ्याशी उभी राहून वर ओरडले, "बायांनो, खाली या. सगळ्या खाली या."

वरून चेहरे डोकावले. सगळ्यात वर, माथ्यावर, एक हिरव्या ओढणीतली बाई बसली होती. मी तिला लगेच ओळखलं. रझियाभाभी, जाफरभाईंच्या. पूर्वी त्या फक्त डबा द्यायला यार्डात यायच्या. आता गुडघे धरून गंजी चढत होत्या.

"कायले बेटा?" त्या म्हणाल्या. "भोंगा वाजला का?"

"भोंगा बिघडलाय भाभी."

त्या हसल्या. आजूबाजूच्या बायाही हसल्या. "जाफरनं लावलेला भोंगा हाय तो. बिघडत नसते. वाजन तवा उतरू."

मी माणिकला म्हटलं, वर जा आणि भाभींच्या शेजारी सब्बल खुपस. तो चढला. सब्बल कापसात अर्धीअधिक गेली. थोडा वेळ थांबून त्याने ती उपसली, पार टोकाला हात लागला आणि त्याने ती फेकूनच दिली. बोटं तोंडात घातली.

"उनात पडून होती ते सब्बल," रझियाभाभी म्हणाल्या, आणि पुन्हा कवडी वेचायला लागल्या.

मी गोहोकारला म्हटलं, तुम्ही उतरवा त्यांना. गोहोकार घामाघूम झाला होता. म्हणाला, "मॅडम, भोंगा वाजल्याबिगर कोनी नाई उतरत. मीच शिकोलं ना त्याइले. कोनाच्या बी सांगन्यावरून उठाचं नाई, भोंगा वाजला तरच उठाचं."

हे शिकवायला त्याला आमच्याच कंपनीने सांगितलं होतं. वास्तविक शहाणपणाची सूचना होती.

मी खोलीत परत धावले. सीडी घातली. स्टोअरकीपरला सांगितलं, भोंगा नावाचा डबा काढ. तो म्हणाला, काढता येणार नाही, अहवाल त्याच्यावर टेकलेला आहे. रिकाम्या डब्याला कोणीतरी टेकून बसलं होतं, आणि म्हणून रिकामा डबा हलवायचा नाही. मी त्याला दम दिला. दम द्यायची आज्ञा वेगळी असते, ती आम्ही सहसा वापरत नाही. डबा निघाला. सीडी घरघरली. खिडकीतून मला माथ्यावरची हिरवी ओढणी दिसत होती आणि माझी बोटं चुकीच्या अक्षरांवर पडत होती. खरं सांगते, त्या वेळी मी त्या भिंतीवरच्या टोपीकडे बघून, जाफरभाई जरा थांबवा तिला, असं मोठ्याने म्हटलं. थांबवा म्हणजे कोणाला, भाभींना की गंजीला, ते मलाही माहीत नव्हतं.

नवा डबा बसला. प्रोग्रॅम सुरू झाला. क्षणभर काहीच नाही.

मग भोंगा वाजला.

वाजला तो थांबेना. ग्लासातला चहा तर केव्हाच गार झाला होता. हे गंजीतले सेन्सर बोलत होते, आणि ते किती दिवसांपासून बोलत होते हे सांगायला कोणी नव्हतं. बंद जिनच्या त्या शांततेत तो आवाज पत्र्यांवर आदळून परत यायला लागला. बाया टोपल्या टाकून घसरत खाली आल्या, शिकवल्यासारख्या गेटकडे पळाल्या. रझियाभाभी मात्र माथ्यावर उठून उभ्या राहिल्या. पळाल्या नाहीत. ऑफिसच्या खिडकीकडे बघत राहिल्या, आणि मला त्यांचं तोंड हलताना दिसलं.

माणिक चढला. त्याने त्यांचा दंड धरला, तशा त्या भानावर आल्या आणि त्याच्याबरोबर घसरत उतरल्या. त्या गेटपाशी पोचल्या असतील नसतील, तोच माथा खाली बसला. धडाड वगैरे काही नाही. उशीवरून डोकं उचललं की उशी हळूहळू फुगते, त्याच्या उलट. गंजी हळूहळू दबली, जिथे त्या बसल्या होत्या तिथे खड्डा पडला आणि खड्ड्यातून आधी पिवळा धूर आला, मग जाळ.

पुढचा तास पाण्याचा. वणीहून बंब आला. अर्धी गंजी गेली, बाकीची फोडून पसरवली. माणिकची बोटं सोडली तर कोणाला काही झालं नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्या दिवशी मी ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते.

धूर निवळला तशी मी खोलीत येऊन भोंगा बंद केला. रझियाभाभी दारात येऊन बसल्या होत्या, ओढणी काजळीने काळी. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. जाफरभाईंचं मला कळलंच नव्हतं हे सांगितलं, आणि आता कुठे मला रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"मी रोज पाचले इथं खिडकीखाली येतो," त्या म्हणाल्या. "तुमचा साहेब असो का तू असो, तुमी ओरडून बोलता. बाहेर आइकू येते. जाफरभाई, म्हनता. घरी आता त्याचं नाव घेऊन कोनी हाक नाई मारत, बेटा. म्हनून मीच गोहोकारले म्हटलं, राहू दे, नको सांगू."

मग मी विचारलं, "भाभी, काल तुम्ही होतात इथे?"

"होती ना."

"काल फोन कोणी उचलला?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. "तूच तं बोलली त्याच्यासंग. मले कायले पुसतं?"

मी पुढे काही विचारलं नाही. आजपर्यंत विचारलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. पाच झाले होते. गोहोकार आणि माणिक पाइप धरून गंजीशी होते, बाकी सगळे तिकडेच. रझियाभाभी भिंतीला टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मी उठून रिसीव्हर उचलला.

"मारेगाव?" पांढरीपांडे सर नेहमीसारखे ओरडले. "जाफरभाई?"

सर, मी मोहरील बोलते आहे, असं म्हणायचं होतं. गंजी पेटली, जाफरभाई गेले, सगळं सांगायचं होतं, आणि नंतर ते सांगितलंही. पण भाभी समोर बसल्या होत्या. माझा घसा धुराने बसलेला होता, आवाज माझा मलाच ओळखू येईना.

"हाओ साहेब," मी म्हटलं. "वाजला."

"ठीक आहे," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांना काही वेगळं वाटलं नाही. फक्त त्या हंगामात मारेगावहून आलेलं ते पहिलं खरं उत्तर होतं.

यानंतर मी दोन गोष्टी केल्या. अपडेटच्या नोटिशीत नुसतं नाव आणि आकडा जुळवणं बंद केलं. आता डब्याचं झाकण उघडून आत खरोखर भोंगा आहे का, हे बघितल्याशिवाय स्टोअरकीपरला 'आहे' म्हणता येत नाही. आणि फोनवर 'वाजला' हे उत्तर बंद केलं. नावाने हाक मारली की ओ देणारं कोणी ना कोणी निघतंच, त्यामुळे ओ आली म्हणून माणूस आहे असं धरून चालू नये. पांढरीपांडे सरांनी ही सूचना सगळ्या यार्डांना स्वतःच्या नावाने पाठवली.

मारेगावला भोंग्याची जागा भरायला यार्डाच्या सेठला आणखी महिना लागला. जागेचं नाव मात्र कोणी बदललं नाही. मीही बदला म्हटलं नाही. मी पाचला फोन लावायचे आणि विचारायचे, "मारेगाव? जाफरभाई?"

"हाओ बेटा," रझियाभाभी म्हणायच्या. "आइक."

मग त्या रिसीव्हर खिडकीबाहेर धरायच्या, आणि भोंगा थांबेपर्यंत मी ऐकत राहायचे.